सायकलची साखळी धुण्यासाठी द्रावक कसे निवडावे

साखळीवर साचणारा काळा थर म्हणजे जुने वंगण, रस्त्यावरची धूळ आणि झिजलेल्या पोलादाचा बारीक कीस यांचा लगदा असतो. नुसत्या पाण्याने तो सुटत नाही, म्हणून अनेक जण सरळ पेट्रोलची बाटली काढतात. ती सवय आधी सोडावी. पेट्रोलचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, उणे 40 अंश सेल्सियसच्या आसपास आहे. ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शेगडीपर्यंत पोहोचू शकते. शिवाय पेट्रोलमध्ये कर्करोगकारक बेंझिन असते.

निवड नेहमी सौम्य पर्यायापासून सुरू करावी. सांगाडा, रिम आणि मडगार्ड यांना भांडी घासण्याचा साबण आणि पाणी पुरते. वेळच्या वेळी तेल घातलेली साखळी तर कोरड्या फडक्यात धरून पेडल उलटे फिरवले तरी बऱ्यापैकी स्वच्छ होते.

थर वाळून चिकटला असेल तर रॉकेल किंवा रंगाच्या दुकानात मिळणारे मिनरल टर्पेंटाइन घ्यावे. या दोन्हींचा प्रज्वलनांक साधारण 40 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एरवी ते पेट्रोलपेक्षा बरेच सुरक्षित असले, तरी अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यातल्या दुपारी, पारा त्याच्या वर गेलेला असताना, तो फरक फारसा उरत नाही. तेथे हे काम पहाटे आणि सावलीतच करावे. संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून केलेले डीग्रीझर, म्हणजे वंगण काढणारे द्रावकही, चांगले काम करतात, मात्र सुवासिक आहेत म्हणून ते ज्वलनशील नाहीत असे समजू नये.

साखळी काढता येत असेल तर ती काढून रुंद तोंडाच्या बरणीत बुडेल इतक्याच द्रावकात ठेवावी, झाकण लावून हलवावी आणि ब्रशने घासावी. हातात नायट्राइलचे मोजे घालावेत, कारण साधे रबरी मोजे रॉकेलमध्ये फुगतात. साखळी सायकलवरच धुवायची असल्यास द्रावक ओतू नये, ब्रशला लावून वापरावे; ते हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) किंवा पेडलच्या आसाच्या बेअरिंगमध्ये झिरपले की आतले ग्रीस धुऊन निघते आणि छर्रे कोरडे फिरू लागतात. धुतलेली साखळी पूर्ण वाळल्यावरच तेल घालावे, नाहीतर आत उरलेले द्रावक नवे तेलही पातळ करते.

डिस्क ब्रेकची चकती मात्र रॉकेलने कधीच पुसू नये. त्याचा तेलकट अंश पॅडमध्ये मुरतो आणि ब्रेक लागेनासा होतो. तिच्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल योग्य आहे, पण ते 12 अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणून फडक्यावर थोडेसेच घ्यावे.

गंज काढण्यासाठी संडास साफ करण्याचे ॲसिड वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये: आम्लामुळे सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरून साखळीच्या पट्ट्या ठिसूळ करतो आणि चढावर जोर देताना ती तुटू शकते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, तर थिनर व ॲसिटोन रंग आणि प्लास्टिक.

द्रावक पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत अजिबात ठेवू नये. लहान मुले ते पाणी समजून पितात. असे घडलेच तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर रॉकेल फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वापरलेले रॉकेल गटारात ओतण्याऐवजी बंद बरणीत दोन-तीन दिवस स्थिर ठेवावे. गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ द्रावक पुढच्या धुण्याला चालते. उरलेला गाळ घट्ट झाकणाच्या डब्यात, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून वाळवावीत.