कॅम्पसमध्ये बांधकाम सुरू करण्यापूर्वी कंत्राटदाराने काय करून ठेवावे

मोकळ्या भूखंडावर इमारत उभारणे वेगळे आणि भरलेल्या कॉलेजच्या आवारात भिंत फोडणे वेगळे. तास सुटला की मुलांचे लोंढे तुमच्या पत्र्यांना लागून जातात, निम्म्यांच्या नजरा मोबाइलमध्ये. तुमच्या कामासाठी संस्था थांबत नाही, हे एकदा डोक्यात बसले की पुढच्या पायऱ्या का आहेत ते आपोआप कळते.

१. कागदपत्रे

परवाना, मजुरांचा विमा, क्रेन आणि लिफ्टची तपासणी प्रमाणपत्रे, ऑपरेटर व वेल्डरचे दाखले. हे सगळे पोटकंत्राटदारांचेही लागते आणि अडते बहुधा तिथेच. सोबत कामाची पद्धत आणि त्यातले धोके लिहून द्यायचे असतात. मागच्या साइटचा कागद नाव बदलून जोडू नका. वाचणाऱ्याला ते दुसऱ्याच परिच्छेदात कळते.

२. जागेवर जाऊन पाहा

संस्थेच्या देखभाल विभागातला जुना माणूस सोबत घ्या. नकाशात नसलेली केबल आणि बुजवलेली टाकी त्यालाच ठाऊक असते. तरीही खोदण्यापूर्वी लोकेटरने वाहिन्या शोधून जमिनीवर रंगाने खुणा करा आणि खुणेजवळ जेसीबी न लावता हाताने खणा. चर दीड मीटर किंवा त्याहून खोल जाणार असेल तर बाजूंना आधार किंवा उतार हवाच, आणि काढलेली माती काठापासून निदान ६० सेंटीमीटर दूर टाका. एक घनमीटर माती साधारण दीड टन भरते. ढासळली तर गडी छातीपर्यंत गाडला गेला तरी श्वास कोंडतो.

इमारत जुनी असेल तर तोडफोडीआधी ॲस्बेस्टॉसची (फुप्फुसांना घातक तंतूंची) तपासणी मागा. छताचे पत्रे, पाइपांवरचे वेष्टण, जुन्या फरश्या आणि त्यांखालचा चिकट थर या संशयाच्या जागा. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत ड्रिल लावू नका.

३. प्रयोगशाळेच्या वर, खाली, शेजारी

बाहेरून आलेला कंत्राटदार सर्वात जास्त फसतो तो इथे. समजा काम साधे आहे, गच्चीचे वॉटरप्रूफिंग. पण खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे आणि तिथल्या फ्यूम हूडचे (घातक वाफ पंख्याने बाहेर ओढणाऱ्या कपाटाचे) धुराडे याच गच्चीवर उघडते. खाली कोणी आम्ल तापवले की वाफ थेट तुमच्या माणसांच्या तोंडावर. मग कोणीतरी पंखाच बंद करून टाकतो, आणि तीच वाफ खाली प्रयोग करणाऱ्यांच्या खोलीत कोंडते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रयोगशाळा प्रमुखाकडून हूड वापरात नसल्याचे लेखी घ्या, मग पंख्याचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप आणि नावाची पाटी लावा. किल्ली गच्चीवर काम करणाऱ्याच्याच खिशात राहू द्या. मुकादमाच्या टेबलावर नको.

सिंकचे पाइप आणि जुने डक्ट कापण्यापूर्वी आत काय वाहत होते हेही विचारून घ्या.

४. कामागणिक परमिट

वेल्डिंग, ग्राइंडिंग, उंचीवरचे काम, टाकीत उतरणे, वीजपुरवठा बंद करणे, या प्रत्येकाला वेगळे परमिट, म्हणजे लेखी परवानगी, असते आणि ते त्या दिवसापुरते किंवा पाळीपुरतेच चालते. टाकीत उतरण्याआधी हवेतला ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये आहे का, ज्वलनशील आणि विषारी वायू आहेत का, हे मीटरने मोजा आणि वर एक माणूस उभाच ठेवा.

ठिणग्यांच्या कामात आजूबाजूचे ११ मीटरपर्यंतचे जळाऊ सामान हलवा, जे हलत नाही ते अग्निरोधक कापडाने झाका. भिंतीच्या पलीकडची खोलीही पाहा, तिथे ग्रंथालयाची रद्दी असू शकते. काम संपल्यावर किमान एक तास कोणीतरी अग्निशामक घेऊन थांबायला हवे.

धूळ उडणार म्हणून स्मोक डिटेक्टरवर टोप्या लावतात. संस्थेला विचारून फक्त तेवढाच भाग बंद करून घ्या, तेवढा वेळ गस्तीला माणूस ठेवा आणि किती टोप्या लावल्या ते परमिटवर लिहा. संध्याकाळी तेवढ्याच परत मोजून घ्या. राहिलेली एक टोपी म्हणजे रात्री वसतिगृहाची एक आंधळी खोली.

५. कुंपण, वाट, वेळ

लाल-पांढरी फीत म्हणजे कुंपण नव्हे. पत्रे किंवा जाळी लावा आणि दाराला कुलूप ठेवा. आणीबाणीचा जिना तुमच्या सामानाने अडत असेल तर पर्यायी वाट ठरवून, पाट्या लावून, व्हीलचेअर जाते का ते पाहूनच काम सुरू करा. काँक्रीटच्या गाड्या तास बदलण्याच्या वेळा टाळून बोलवा, आणि गाडी मागे घेताना इशारा देणारा माणूस ठेवा. परीक्षेचे वेळापत्रक आधीच मागून घ्या, ब्रेकर (काँक्रीट फोडण्याचे यंत्र) तेव्हा चालू देणार नाहीत.

६. पहिल्या दिवशी सकाळी

हेल्मेट, बूट, हार्नेस (उंचीवरून पडू नये म्हणून अंगावर बांधायचा पट्टा) वाटून झाले म्हणजे झाले असे नाही. हार्नेसचा हुक कुठे अडकवायचा ते जागेवर दाखवा. परांची तपासून तिच्यावर तारखेची पाटी लावा. दहा मिनिटे मजुरांच्या भाषेत बोला: आज काय करायचे, कुठे जायचे नाही, आग लागली तर कुठे जमायचे. रुग्णवाहिका कोणत्या गेटने येणार, ते गेट रात्री कोण उघडतो आणि त्याचा नंबर काय, हे साइटच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवा.