मृगापूर्वी जपान पाहून यायचे असेल तर

गहू-हरभरा घरात आलेला, तूर विकून झालेली आणि खरिपाचे बियाणे अजून दुकानातच असलेले, असे मे महिन्याचे दिवस विदर्भातील शेतकरी कुटुंबाला लांबच्या प्रवासासाठी मोकळे सापडतात. जपानमध्ये हाच वसंताचा उत्तरार्ध असतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा टोकियोची दुपार साधारण २३ अंशांची असते. चेरीचा बहर एव्हाना ओसरलेला असतो, परंतु शेतकऱ्याने पाहावे असे जपान याच दिवसांत दिसते, असे माझे मत आहे.

सर्वांत आधी तारखा ठरवाव्यात. २९ एप्रिल आणि ३, ४ व ५ मे या सार्वजनिक सुट्ट्यांमुळे तेथे ‘गोल्डन वीक’ नावाचा सुट्टीचा हंगाम असतो. त्या काळात हॉटेलांचे दर चढतात आणि वेगवान ‘नोझोमी’ शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) विनाआरक्षण डबेच ठेवले जात नाहीत. त्यामुळे ८ मेनंतर निघून मृग लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, परत यावे. टोकियो-क्योतो भागातील पावसाळाही साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच सुरू होतो. ओकिनावात मात्र तो मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारासच पोहोचतो, म्हणून ते बेट या प्रवासातून वगळणे शहाणपणाचे.

पासपोर्ट आणि व्हिसाची तयारी संक्रांतीनंतर लगेच हाती घ्यावी. व्हिसासाठी उत्पन्नाचे आणि बँकेतील शिलकीचे पुरावे लागतात. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने आपल्याकडील अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. अशांनी अर्ज केंद्रात आधी चौकशी करावी आणि सातबारा, बँकेचे खातेउतारे व मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर हाताशी ठेवावे. नागपूरहून थेट विमान मिळत नाही. दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते.

८ मेनंतर पोहोचल्याने ५ मेचा बालदिन हुकतो. त्या सुमारास घरोघरी उंच काठ्यांवर कापडी कार्प मासे फडकत असतात आणि संध्याकाळी गरम पाण्यात ‘शोबु’ची लांब पाने सोडून स्नान केले जाते. ही शोबु म्हणजे आपल्या वेखंडाचीच जात; बाळाला वेखंड लावणाऱ्या आजीला त्या पाण्याचा वास ओळखीचा वाटेल. ओकच्या पानात गुंडाळलेली, आत गोड पुरण भरलेली ‘काशिवामोची’ मिठाई मात्र दुकानांत त्यानंतरही काही दिवस मिळते. तिचे पान काढून ठेवायचे असते, खायचे नसते.

उत्सवांपैकी १५ मेचा क्योतोतील ‘आओई मात्सुरी’ निवडावा. जुन्या राजदरबारी वेशातील सुमारे ५०० माणसे राजवाड्यापासून निघून शिमोगामो आणि कामिगामो या देवस्थानांपर्यंत जातात, आणि त्या मिरवणुकीत फुलांच्या लोंबत्या माळांनी सजवलेली, काळ्या चाकांची बैलगाडीही असते. पाऊस असल्यास मिरवणूक दुसऱ्या दिवशी निघते, म्हणून १६ तारीखही मोकळी ठेवावी. टोकियोतील आसाकुसाचा ‘सांजा मात्सुरी’ मेच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी असतो. तेथील गर्दी लहान मुलांना घेऊन जाण्याजोगी नव्हे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या धान उत्पादकाने मात्र एक पूर्ण दिवस शेतांसाठी राखावा. आपल्याकडची रोवणी जुलै-ऑगस्टची, तर तेथे बहुतेक भागांत ती मे-जूनमध्ये होते. क्योतोहून बिवा सरोवराच्या काठाने जाणाऱ्या साध्या रेल्वेत खिडकीजवळ बसले, की पाण्याने भरलेल्या बांध्या आणि त्यांत सरळ रांगांत उभे असलेले कोवळे धान दिसू लागते. पऱ्हे तेथे ट्रेमध्ये वाढवतात. मुळे गुंतून त्यांची चटई झाली, की ती यंत्रावर ठेवतात आणि यंत्राची बोटे एकेक चूड चिमटीत धरल्यासारखी चिखलात खोचत जातात. ऐन रोवणीत मजूर न मिळण्याची झळ ज्यांनी सोसली आहे, त्यांनी असे यंत्र चालताना दिसल्यास थोडे थांबून पाहावेच. मात्र विचारल्याशिवाय कोणाच्या धुऱ्यावर पाय ठेवू नये. ज्यांना काही दिवस अधिक राहता येईल, त्यांनी हिरोशिमा प्रांतातील मिबु येथे जूनच्या पहिल्या रविवारी होणारी ‘हाना ताउए’ पाहावी. सजवलेल्या बैलांनी चिखलणी होते आणि ढोल-बासरीच्या तालावर गाणी म्हणत स्त्रिया हाताने रोवणी करतात. २०११ मध्ये युनेस्कोने या विधीची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या देवस्थानात शिरताना पळीने आधी डावा, मग उजवा हात धुवावा, डाव्या तळव्यात घेतलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि देवापुढे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकावे. बौद्ध विहारात टाळ्या वाजवत नाहीत.

शाकाहारी माणसाची खरी अडचण जेवणात येते, कारण भाजीच्या म्हणून दिलेल्या रश्शातही बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. कोयासान या डोंगरावरील बौद्ध तीर्थस्थानी असलेल्या मठांत मुक्काम केल्यास मांस-मासेविरहित ‘शोजिन’ भोजन मिळते. इतरत्र जवसाची चटणी आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या सोबत असाव्यात. ऐन हंगाम असला तरी आंबे नेऊ नयेत, कारण ताजी फळे वनस्पती तपासणीत अडवली जातात. मांसाच्या पदार्थांनाही बंदी आहे.

शेवटी सामानाविषयी. टोकियो-क्योतो शिनकानसेनमध्ये लांबी, रुंदी व उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी ठरावीक आसन आधी आरक्षित करावे लागते, म्हणून प्रत्येकाने मध्यम आकाराची एकच बॅग घ्यावी आणि ती भरण्यापूर्वी टेपने मोजावी.