शाळेला कशी जातेस? स्पॅनिशमध्ये सांग!

माझी भाची साताऱ्यात गोडोलीहून राजवाड्याजवळच्या शाळेत जाते. तिला स्पॅनिश शिकवताना मी पहिलं वाक्य हेच घेतलं: बोय आल कोलेखिओ एन आउतोबुस. म्हणजे, बसने शाळेत जाते. 'मी'साठी 'यो' आहे, पण तो गाळलेलाच बरा. आपणही 'जाते शाळेत' म्हणतोच की. आणि मुलगा असो वा मुलगी, 'बोय' बदलत नाही.

आता खरी मेख. वाहनाला 'एन' लागतो: एन बिसिक्लेता, एन कोचे. पण चालत जायचं तर 'आ पिए'. पहिल्याच दिवशी भाचीने 'एन पिए' म्हटलं. त्याचा अर्थ होतो 'उभ्याने'! सकाळच्या एसटीत तेही खरंच म्हणा. मग तिला सांगितलं, मराठीत 'बसने', 'सायकलने' म्हणतो, पण 'पायाने जाते' नाही, 'पायी जाते' म्हणतो. तसंच हे. पुन्हा चुकली नाही.

वडापला, म्हणजे शेअर जीपला, मात्र स्पॅनिश शब्द शोधत बसू नका, 'एन कोचे' म्हणून मोकळे व्हा.

बस 'पकडते' म्हणायला स्पेनमध्ये 'कोखो' चालतं. मेक्सिकोत तो शब्द अश्लील ठरतो, म्हणून मुलांना 'तोमो एल आउतोबुस'च शिकवा.

शेवटी वेळ जोडा: साल्गो दे कासा आ लास सिएते, म्हणजे सातला घरातून निघते. तार्दो बेइन्ते मिनुतोस, वीस मिनिटं लागतात. पोवई नाक्यावर अडकलात तर 'बेइन्ते'च्या जागी 'क्वारेन्ता' घाला.