सिंगापूर-मलेशियातील मोठ्या हॉटेलांत जेवायला जाताना

नव्याने आलेली बहुतेक मराठी कुटुंबे स्थानिक जेवणाची ओळख हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एकाच छपराखाली अनेक खाद्यपदार्थांच्या टपऱ्या असलेल्या ठिकाणी, करून घेतात आणि मोठ्या हॉटेलांतील रेस्टॉरंट महाग म्हणून टाळतात. माझे मत वेगळे आहे. हॉकर सेंटरमधले जेवण स्वस्त आणि उत्तम असते, परंतु मागे रांग उभी असताना पदार्थात काय काय घातले आहे हे विचारायला सवड मिळत नाही. हॉटेलात मात्र वाढणारा थांबून ऐकतो आणि शंका असल्यास आत जाऊन शेफला विचारून येतो. घरात कोणी शाकाहारी असेल किंवा गावाहून आई-वडील आले असतील, तर पहिली ओळख येथेच करून घ्यावी.

पथ्य टेबल राखून ठेवतानाच सांगावे, आणि ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढ्यावर थांबू नये. मासे, कोळंबी, ऑयस्टर सॉस, कोंबडीचा रस्सा, चरबी अशी एकेक नावे घ्यावीत. अंडी चालतात की नाही तेही सांगावे. सर्वांत जपायचे ते बेलाचानला. आपण ज्याला जवळा म्हणतो, तसल्याच बारीक कोळंबीत मीठ घालून, ती आंबवून, वाळवून आणि कुटून बेलाचानची वडी करतात व ती सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या वाटणात, घालतात. सांबाल कांगकोंग ही पालेभाजी समोर येते तेव्हा तिच्यात मासळीचा तुकडाही दिसत नाही, पण बेलाचान तिच्यात पुरते मुरलेले असते. सांबाल आधीच करून ठेवलेले असल्यामुळे आयत्या वेळी त्यातून काही वगळता येत नाही. आधी कळवलेले असेल, तर तीच भाजी नुसत्या लसणीवर परतून मिळू शकते.

हायनानी चिकन राइस, म्हणजे शिजवलेली कोंबडी आणि भात, यातील भाताचेही असेच आहे. सिंगापुरात ऑर्चर्ड रोडवर, आताच्या हिल्टन हॉटेलात, 1971 साली सुरू झालेले चॅटरबॉक्स हे रेस्टॉरंट या पदार्थासाठी प्रसिद्ध आहे आणि मांसाहार करणाऱ्यांनी तेथे तो एकदा अवश्य खावा. मात्र हा भात कोंबडीच्या चरबीवर आले-लसूण परतून कोंबडीच्याच रश्शात शिजवतात, त्यामुळे साधा भात समजून तो शाकाहारी माणसाच्या ताटात वाढू नये.

गोमांस न खाणाऱ्यांनी हलाल प्रमाणपत्रावर विसंबू नये. सिंगापुरात मुईस आणि मलेशियात जाकिम ही इस्लामी बाबी पाहणारी अधिकृत संस्था हे प्रमाणपत्र देते. त्यावरून डुकराचे मांस आणि मद्य स्वयंपाकात नाही हे कळते, गोमांस मात्र असू शकते. रेंदांग हा नारळाच्या दुधात मसाला घालून आटवलेला मांसाचा पदार्थ पुष्कळदा गोमांसाचाच असतो, म्हणून बुफेतील पाटी वाचूनही एकदा विचारावे.

गोडात निर्धास्त मागवावे ते सागो गुला मलाका. शिजवलेल्या साबुदाण्यावर नारळाचे दूध आणि माडाच्या गुळाचा पाक घालतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही.

रमझानमध्ये मलेशियातील हॉटेलांत बुका पुआसाचा, म्हणजे रोजा सोडण्याचा, मोठा बुफे असतो. तेथे कोणालाही जाता येते, पण जागा बऱ्याच आधी राखावी लागते आणि ताट वाढून घेतले तरी अजान होईपर्यंत थांबावे, हा शिष्टाचार मुलांनाही आधीच समजावून सांगावा.

बिलाचे गणित निघण्यापूर्वीच करावे. मेन्यूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हे (++) असली, तर सेवा आकार आणि कर वेगळे द्यावे लागतात. सिंगापुरात 100 डॉलरवर 10 टक्के सेवा आकार आणि त्या 110 वर 9 टक्के जीएसटी धरून 119.90 डॉलर होतात. मलेशियात सेवा आकार साधारण 10 टक्के आणि खाण्यापिण्यावर सेवाकर 6 टक्के असतो. वेगळी टिप देण्याची अपेक्षा दोन्ही देशांत नसते. बुफेला जाणार असाल, तर मुलांचा दर कोणत्या वयापर्यंत लागू आहे हेही टेबल राखतानाच विचारून घ्यावे.