लष्करी गेटवर पास अडतो कुठे? या चुका टाळा

कसम परेडच्या, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण केलेले रिक्रूट शपथ घेऊन जवान होतात त्या सोहळ्याच्या, आदल्या रात्री बीड, लातूर, परभणीकडून गाड्या निघतात. कुणी नाशिक रोडच्या तोफखाना केंद्राकडे, कुणी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राकडे, कुणी अहिल्यानगरला. धपाटे बांधलेले असतात, शेंगदाण्याची चटणी असते. आईचं मूळ आधार कार्ड मात्र घरच्या ट्रंकेत असतं आणि पिशवीत असते घडी पडून विटलेली झेरॉक्स. मग ज्या माउलीसाठी सगळा प्रवास केला, तीच गेटबाहेर बसते. हे टाळता येतं, म्हणून जीव तुटतो.

सगळ्यात जास्त घात करते ती नावाची चूक. गेटवर नुसतं कार्ड बघत नाहीत. कार्डावरचं नाव, समोरचा चेहरा आणि आतून आलेल्या यादीतलं नाव, या तिन्हींचा मेळ घालतात. रिक्रूट घाईत यादी देतो आणि आईचं सासरचं नाव लिहितो, ‘सुनीता’. आधारवर माहेरचं ‘सुनंदा’ असतं. चुलत्याचं नाव घरातल्या हाकेचं असतं, ‘बापूराव’, कार्डावर ‘ज्ञानोबा’. क्रूझरचा ड्रायव्हर तर यादीत नसतोच, कारण तो पाहुणा आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. सकाळी रांग लागते, एकेक नाव जुळवलं जातं, तिघं बाजूला काढले जातात. आत फोन करावा तर पोरगं परेडच्या तयारीत, फोन त्याच्याजवळ नाही. नाव तपासून पाठवणारं कुणी मिळेपर्यंत बँड सुरू झालेला असतो.

उपाय सोपा आहे. निघण्याच्या आठ दिवस आधी घरातल्या प्रत्येकाचं कार्ड समोर घ्या, ड्रायव्हरचंही. कार्डावर आहे तसं, इंग्रजी स्पेलिंगसकट, पूर्ण नाव कागदावर उतरवा आणि तोच कागद पोराला वाचून दाखवा. वय, नातं आणि गाडीचा नंबरही त्यातच लिहा. तोंडी ‘आम्ही सहा जण येतोय’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. आणि तुमच्याकडे त्याचा आर्मी नंबर, कंपनी किंवा बॅटरी (तोफखान्यातल्या तुकडीचं नाव) लिहून ठेवा. ‘आमचा गणेश इथं ट्रेनिंगला आहे’ एवढ्यावर गार्ड रूम कुणाला शोधणार?

दुसरी चूक तरुण पोरांची: ‘कार्ड कशाला, मोबाइलमध्ये डिजिलॉकर आहे.’ डिजिलॉकरमधला कागद कायद्याने ग्राह्य आहे, त्यात वाद नाही. पण बहुतेक लष्करी ठिकाणी फोन गेटवरच जमा होतो. फोन गेला की ओळखपत्रही गेलं, आणि पुढे युनिटच्या गेटवर पुन्हा विचारतात तेव्हा दाखवायला हातात काही उरत नाही. म्हणून मूळ, हातात धरता येणारं कार्ड लागतंच. त्यातही दोन न्या. काही गेटवर पासाच्या बदल्यात एक कार्ड ठेवून घेतात. तिथे मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स द्यावं आणि आधार खिशात ठेवावं. लायसन्सची मुदत आधी बघा. मास्क्ड आधारवर शेवटचे 4 आकडेच दिसतात, नोंदवहीत पूर्ण क्रमांक लिहायचा असेल तर तिथेच अडतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्याच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका. रंगीत झेरॉक्स लॅमिनेट करून मूळ म्हणून दाखवू नका. संशय आला की पुढचं सगळं बारकाईने होतं आणि ते योग्यच आहे.

2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या नावाचा पत्ता आहे म्हणून कार्ड बाद होत नाही. तरी लोक ऐन वेळी बदलाला अर्ज करतात आणि गेटवर कार्डाऐवजी पावती दाखवतात. पावती हे ओळखपत्र नाही. जुनंच कार्ड न्या, आधार क्रमांक तोच राहतो.

मुलांचं आधार 5 आणि 15 व्या वर्षी अद्ययावत करायचं असतं. सोळा वर्षांच्या मुलाच्या कार्डावर पाच वर्षांच्या लेकराचा फोटो असेल तर शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र सोबत ठेवा. जन्मदाखल्यावर चेहरा नसतो.

संभाजीनगरच्या छावणीतही हाच गोंधळ दिसतो. छावणीतला रस्ता खुला आहे म्हणजे युनिटचं गेट खुलं आहे असं नाही. कॅन्टीनचं स्मार्ट कार्ड मेव्हण्याच्या हाती देऊन सामान मागवू नका. ज्याचं कार्ड त्यानेच जायचं. माजी सैनिकाच्या पत्नीचं ओळखपत्र अजून काढलं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

दुचाकीवर दोघांनाही हेल्मेट. गाडीचं आरसी, विमा, पीयूसी सोबत. गेटचा फोटो काढू नका. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाची परवानगी गेटवर होत नाही, ती खूप आधी घ्यावी लागते. आणि प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा शेजाऱ्याला बेळगावात काय चाललं ते ऐकून नाशिकला जाऊ नका. ज्याला भेटायचं त्याच्याकडूनच विचारून घ्या.

पहाऱ्यावरच्या जवानाशी हुज्जत घालणं, आमदाराला फोन लावणं, हे थांबवा. सूट द्यायचा अधिकार त्याला नाही. त्याने एकाला तसंच सोडलं तर जाब त्यालाच द्यावा लागतो, आणि आत तुमचंच लेकरू आहे.

परेडच्या वेळेच्या किमान दोन तास आधी गेटवर असा. आत गेल्यावर पास सांभाळा. भेट झाली की ज्याला भेटलात त्याची सही आणि वेळ त्यावर लागते, आणि सहीविना पास घेऊन आलात तर परत पाठवतात. आलात त्याच गेटने बाहेर पडा. पास द्या, आधी ओळखपत्र घ्या, मग फोन, आणि मगच गाडीत बसा.