ओपीएनसेन्स फायरवॉलचा वेब ॲक्सेस लॉग नीट कसा ठेवायचा

ओपीएनसेन्स ही नेटवर्कचं राखण करणारी फायरवॉल प्रणाली. तिचं वेब पान कोणत्या पत्त्यावरून उघडलं गेलं, याची नोंद, म्हणजे ॲक्सेस लॉग, ठेवायलाच हवी. मात्र ती फायरवॉलवर साठवू नका, दुसऱ्या सर्व्हरवर पाठवा. नवी मुंबईतल्या महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लहान ऑफिसांत फायरवॉल म्हणजे बऱ्याचदा ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवणुकीची) चिप असलेला छोटा डबा. सतत लिहून ती चिप झिजते. लॉग रॅम डिस्कवर (तात्पुरत्या मेमरीत) हलवला तर चिप वाचते, पण पावसाळ्यात लाइट गेली आणि यूपीएसही बसला की नोंदी पुसल्या जातात.

सुरुवात घड्याळापासून करा. सिस्टिम > सेटिंग्ज > जनरलमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता निवडा. यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) राहिला तर पहाटे 2 ची नोंद आदल्या रात्री 8:30 ची दिसते आणि जाब भलत्यालाच विचारला जातो.

मग सिस्टिम > सेटिंग्ज > ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये 'ॲक्सेस लॉग'वर टिक करा. लॉगिंगच्या पानावर जपायच्या फायली मुळात 31 दिवसांच्या असतात. त्या 7 करा. तिथल्याच 'रिमोट' टॅबमध्ये सिस्लॉग सर्व्हरचा (नोंदी गोळा करणाऱ्या दुसऱ्या संगणकाचा) पत्ता, पोर्ट 514 आणि पाठवण्याची पद्धत म्हणून टीसीपी द्या. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत नोंद वाटेत हरवली तरी कळत नाही. ॲप्लिकेशन्सची यादी रिकामी ठेवली की सगळं जातं, ऑडिट लॉगसुद्धा. तो हवाच: ॲक्सेस लॉग फक्त पत्ता आणि पान सांगतो, लॉगिन कोणत्या नावाने फसलं ते ऑडिटमध्ये असतं.

जागेचा हिशोब आधी करा. भिंतीवरच्या टीव्हीवर डॅशबोर्ड दिवसभर उघडा असेल आणि दर 5 सेकंदांना एक विनंती जात असेल, तर दिवसाला 17,280 ओळी होतात. ओळ 200 बाइटची धरली तर रोज साधारण साडेतीन एमबी, 180 दिवसांत सव्वासहाशे एमबी. फायरवॉलच्या बाकी नोंदी याच्या कितीतरी पट असतात.

180 दिवस का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग तेवढे दिवस जपावे लागतात. गाडी अडते ती नेमकी इथे. सिस्लॉग सर्व्हर उबुंटूवर असेल तर नोंदी आरसिस्लॉग हा प्रोग्राम घेतो आणि त्याच्या जुन्या फायली काढणारा लॉगरोटेट मुळात आठवड्याला एक अशा 4 फायली ठेवतो. पाचव्या आठवड्यापासून जुनं गुपचूप उडतं. लॉगरोटेटच्या सेटिंगमध्ये 'डेली', 'रोटेट 180' आणि 'कॉम्प्रेस' लिहा. टीसीपी 514 वर ऐकण्याच्या ओळीही आरसिस्लॉगच्या मूळ फाईलमध्ये बंद असतात. पुढचं हॅश चिन्ह काढून सेवा रिस्टार्ट करा.

शेवटी ओळखीच्या लॅपटॉपवरून लॉगिन पान उघडा, मुद्दाम चुकीचा पासवर्ड द्या आणि सर्व्हरवर दोन्ही नोंदी योग्य वेळेसह उमटल्या का ते पाहा.