धर्मग्रामात (म्हणजे आपल्या चर्चच्या पॅरिशमध्ये) पुरुषांचा गट सुरू करायचाय? असं करा
आमच्या वसईकडे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बरेच पुरुष मागे दाराशीच उभे राहतात, त्यांना आत बसवायचं असेल तर आधी फादरांशी बोला, मग चार-पाच जण पुरेत, बायबलात मत्तय 18:20 मध्ये तर दोघं-तिघं जमले तरी येशू त्यांच्यात असतो असं वचन आहे. रविवारी सकाळच्या मिस्सानंतर तासभर कुणाच्या तरी ओटीवर बसा. शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) उतारा दोनदा वाचायचा, जरा वेळ गप्प, मग ज्याने त्याने स्वतःचं बोलायचं, सल्ला कुणी द्यायचा नाही, हे फार महत्त्वाचं! आमच्यात एक जण तीन महिने नुसता टोपी मांडीवर धरून बसायचा, मग एकदा मुलाबद्दल बोलता बोलता रडला, शेजारच्याने फक्त हात धरला. तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. आणि महिन्यातून एकदा मिळून आजाऱ्याकडे जा, रोझरी (माळेवरची प्रार्थना) म्हणा, औषधं आणून द्या.